नाणेघाटाची जकात

पेरू देशातल्या माचू पिच्चूकडं जाणारी इंका लोकांची वाट चालायला जगभरातून माणसं जातात. ती वाट पंधराव्या शतकातली. आपली नाणेघाटाची वाट तिच्यापेक्षा दीड हजार वर्षांनी जुनी. सोलापूरहून रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं निघायचं, पहाटे कल्याणला उतरायचं आणि मुरबाडवरून माळशेजकडं जाणाऱ्या एसटीनं वैशाखरे गाठायचं. तिथून पुढं पायथा.

डिसेंबरात मी निघालो तेव्हा खाला म्हणाली, "दर्गा नै, उर्स नै, फिर पहाड पो कायकू जारा रे?" आमच्या मोहल्ल्यात डोंगर चढायचा तो मन्नत फेडायला. नुसती वाट बघायला कोण जातं?

मला मात्र ती वाटच बघायची होती. सातवाहनांच्या काळात कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतला माल याच घाटानं वर जुन्नरला आणि पुढं पैठणला जायचा. 'पेरिप्लस' या जुन्या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणबरोबर तगर गावाचं नाव येतं. तगर म्हणजे सोलापूरजवळचं आपलं तेर. तिथलं कापड गाड्यांतून भडोचच्या बंदरात जायचं, असं त्यात लिहिलंय. म्हणजे आमच्या भागातल्या मागावरचं कापड दोन हजार वर्षांपूर्वीही परदेशी जात होतं. चादरीच्या गावातल्या माणसाला हे वाचून बरं वाटतंच.

आधी जंगल लागतं, मग चढ आणि मग दगडी पायऱ्या. काही पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्यात. दोनेक तासांनी दम लागतो, आणि घाटमाथ्याच्या थोडं अलीकडं कोरलेली लेणी दिसते.

वाटेत पुण्याची पाच-सहा पोरं भेटली. पाणी दिलं-घेतलं, शेंगदाण्याची चटणी आणि कडक भाकरी वाटून खाल्ली. एकानं नाव विचारलं. मी सांगितलं. तो थोडा थांबला आणि म्हणाला, "तुम्ही लोकपण येता का असल्या ठिकाणी?" त्याच्या बोलण्यात वाईटपणा नव्हता, खरंच आश्चर्य होतं. तेच जास्त लागलं.

लेणीत मागच्या भिंतीवर एकेकाळी राजघराण्याचे पुतळे होते. आता काही ठिकाणी फक्त पायांच्या खुणा उरल्यात. ते बघून दुसरा एक जण म्हणाला, "हे कोणाचं काम, ते काय सांगायला नको." सगळे गप्प झाले. दोघांनी माझ्याकडं बघितलं.

मी भिंतीवरची अक्षरं दाखवली. सिमुक सातवाहन, राणी नायनिका, श्री सातकर्णी, महारठी त्रणकयिर. ज्यांचे पुतळे होते त्यांची नावं ब्राह्मीत अजून आहेत. मी म्हणालो, "ज्यांचे पुतळे होते त्यांची नावं इथं कोरलेली आहेत. मोडणाऱ्याचं नाव कुणी कोरलेलं नाही. जे लिहिलंय ते वाचूया की." पहिला पोरगा जवळ आला आणि म्हणाला, "बाकी काय लिहिलंय?"

मग मी वाचलेलं सांगत बसलो. बाजूच्या भिंतींवर मोठा लेख आहे, भाषा प्राकृत. त्यात नायनिकेच्या घराण्यानं केलेले अश्वमेध, राजसूय असे यज्ञ आहेत, आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण यांचे आकडे आहेत. भारतातल्या सगळ्यांत जुन्या कोरीव आकड्यांत हे मोडतात. शून्य नाही, दहाला, शंभराला, हजाराला वेगवेगळी चिन्हं. अशाच आकड्यांतून पुढं शून्यासकट दशमान पद्धत घडली. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिज्मीनं हिंदच्या गणितावर पुस्तक लिहिलं आणि तिथून ते युरोपात गेले. युरोप त्यांना अरबी आकडे म्हणतो. अरब स्वतः मात्र आपल्या आकड्यांना 'अरकाम हिंदिया' म्हणतात, हिंदी आकडे.

"म्हणजे ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव लावलं," तो पोरगा म्हणाला. मी मान हलवली.

जोहरची वेळ झाली होती. टाक्यातल्या पाण्यानं वुजू केला. मुसाफिराला चारच्या जागी दोनच रकात. किब्ला पश्चिमेला, म्हणजे घाटाच्या तोंडाकडंच. समोर कोकण पसरलेलं आणि त्याच्याही पलीकडं तो समुद्र, ज्यावरून जहाजं यायची. पोरं बाजूला शांत बसून होती.

नंतर अरुंद नळीतून वर पठारावर आलो. तिथं दगडात कोरलेला मोठा रांजण आहे. घाट चढून येणारे व्यापारी त्यात जकातीची नाणी टाकायचे, असं सांगतात. पोरं त्याच्याभोवती फोटो काढत होती. एकानं विचारलं, "जकात म्हणजे टोलच ना?"

मी म्हणालो, "हो, टोलच. पण शब्द अरबी आहे. आमच्या घरी रमजानात गरिबांचा हिस्सा म्हणून काढतात, तीच जकात."

तो रांजणाकडं बघत राहिला. म्हणाला, "आम्ही तर हा शब्द मराठीच समजत होतो."

"मराठीच आहे," मी म्हणालो. आणि आम्ही घाटघरच्या रस्त्याला लागलो.