हाताला दिसलेला घुमट

डोळ्यांवर काळी पट्टी होती आणि दोन्ही हात एका घुमटावर. कळसाकडे निमुळता होत गेलेला तो घुमट मी बोटांनी चाचपत होते. त्याच्या अंगावर उभ्या फासळ्या होत्या. एका फासळीवर अंगठा रोवून दुसऱ्या हाताने फेरी मारली आणि मोजल्या. सोळा भरल्या. खाली गोल भिंत, तिला जोडीजोडीने बिलगलेले खांब, दोन जोड्यांच्या मधे खिडकीचा खळगा. "रोमचं सेंट पीटर्स," शेजारून सोबतिणीचा आवाज आला. या चर्चचे फोटो मी कितीदा पाहिले असतील! पण घुमटाला सोळा फासळ्या आहेत हे मला त्या दुपारी, डोळे बांधल्यावर कळलं.

मी लोणी काळभोरची. पुण्याहून सोलापूर रस्त्याला लागलं, हडपसर मागे पडलं की पुढे आमचं गाव. घुमट आम्हाला नवा नाही. मुळा-मुठेच्या काठी, एकेकाळी राज कपूरची असलेल्या राजबागेत, एमआयटीच्या आवारात केवढा तरी घुमट उभा आहे. २ ऑक्टोबर २०१८ रोजी तेव्हाचे उपराष्ट्रपती व्यंकय्या नायडू यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. ज्ञानोबांच्या नावाचं ते प्रार्थनागृह आणि ग्रंथालय. व्यास १६० फूट, म्हणजे सेंट पीटर्सच्या सुमारे १३६ फुटांपेक्षाही जास्त. परमुलखात ऊर भरून यावा अशीच ही गोष्ट. पण आमच्या घुमटाखाली खांब किती, असं त्या क्षणी कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. इतकी वर्षं तो मी नुसता पाहिला होता.

हे घडलं इटलीत, एड्रियाटिक समुद्रावरच्या अंकोना या बंदरगावात. तिथल्या संग्रहालयाचं नाव म्युझिओ ओमेरो, आंधळा मानल्या गेलेल्या होमर या आदिकवीच्या नावावरून ठेवलेलं. त्याचा नियम जगावेगळा आहे: इथे हात न लावण्यास मनाई आहे. अल्दो ग्रास्सिनी आणि दानिएला बोत्तेगोनी हे जोडपं, दोघंही दृष्टिहीन आणि दोघांनाही प्रवासाचं वेड. देशोदेशींच्या संग्रहालयांत 'हात लावू नका' हे शब्द ऐकून त्यांनी ठरवलं, की आपल्या गावात हात लावता येईल असं संग्रहालय काढायचं. १९९३ साली ते उघडलं आणि १९९९ मध्ये त्याला राष्ट्रीय संग्रहालयाचा दर्जा मिळाला.

ज्या इमारतीत ते आहे तिची कथा ऐकून तर मी थक्क झाले. पाण्यात उभी असलेली ही पंचकोनी वास्तू १७३३ साली लुइजी वानवितेल्ली या वास्तुविशारदाने उभारायला घेतली, ती रोगराईच्या भीतीने. परमुलखातून आलेली जहाजं, त्यांतली माणसं आणि माल इथे वेगळे ठेवायचे, शहराला त्यांचा स्पर्श होऊ द्यायचा नाही. १८९७ च्या प्लेगमधल्या विलगीकरण छावण्यांच्या कहाण्या पुण्याच्या आसपास अजून सांगितल्या जातात, त्यामुळे त्या भिंतींचा हेतू मला लगेच समजला. स्पर्श रोखण्यासाठी बांधलेल्या त्याच भिंतींआड आज माणसं मूर्तींच्या गालांवरून हात फिरवत असतात.

सोबतीण मला मायकेलअँजेलोच्या 'पिएता'पाशी घेऊन गेली. मूळ शिल्प व्हॅटिकनमध्ये आहे. १९७२ साली एकाने त्यावर हातोडा चालवला, तेव्हापासून ते काचेआड असतं. अंकोनातली ही त्याची प्रतिकृती. मेरीच्या मांडीवर ख्रिस्ताचं निष्प्राण शरीर. त्याच्या लोंबत्या हाताच्या शिरा बोटांना लागल्या. वर सरकले तशी मेरीच्या वस्त्राची चुणी लागली, मग तिच्या हाताचा पंजा. तो त्याच्या काखेखाली रुतला होता आणि त्याचं मांस तिच्या बोटांभोवती फुगून आलं होतं. दगडाच्या शिल्पात मेलेल्या देहाचं वजन असं दाखवता येतं, हे डोळ्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी बराच वेळ हात काढला नाही.

आणि तिथेच मला आजी आठवली. मोतीबिंदूने तिची नजर जवळजवळ गेली होती, तरी पंढरीची वारी सुटली नव्हती. आमच्या गावात तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असतो. पुण्याहून निघालेला सोहळा इथे रात्र काढतो. आजी इथूनच दिंडीत सामील व्हायची. एकदा परत आल्यावर मी विचारलं, "आजी, तुला दिसत नाही, मग विठोबा कसा पाहिलास?" तिने दोन्ही तळवे माझ्या गालांवर ठेवले आणि म्हणाली, "गार गं! आणि मऊ लागतो. किती जणींचा हात फिरला असंल त्याच्या पायांवरून!" आपल्याकडे त्याला पदस्पर्श दर्शन म्हणतात. दर्शन आणि स्पर्श हे दोन शब्द एका दमात उच्चारणाऱ्या माणसांना अंकोनाचा नियम समजावून सांगावा लागत नाही.

पुढच्या आठवड्यात आश्चर्याचा दुसरा धक्का बसला. ओळखीच्या एका संशोधकाने आपल्या प्रयोगशाळेत बोलावलं. पुन्हा डोळे झाकले गेले, पण या वेळी आभासी वास्तवाच्या चष्म्याने, आणि हातात वायरी लोंबणारा हातमोजा आला. समोर अंधारात एका दगडी पुतळ्याचं डोकं तरंगत होतं. बोट पुढे केलं. नाकाच्या शेंड्याशी पोचताच बोटाच्या टोकाला बारीक थरथर जाणवली. भुवईच्या कडेवर ती वाढली, गालाच्या सपाटीवर मंदावली. मग मी जरा जोर दिला आणि माझा हात त्या चेहऱ्यातून आरपार गेला. मी दचकून मागे सरले.

संशोधकाने कारण समजावलं. मोज्यातल्या छोट्या मोटरी बोटांना कंप देतात, स्पर्श झाल्याची वर्दी देतात, पण हाताला अडवू शकत नाहीत. अडवायचं तर दंडाला यांत्रिक बाहू जोडावा लागतो, दगड जिथे असेल तिथे उलटा जोर लावणारा. इटलीतच पिसाच्या सांत'आन्ना संस्थेतल्या संशोधकांनी २००० च्या दशकाच्या आरंभी 'म्युझियम ऑफ प्युअर फॉर्म' नावाचा प्रकल्प केला. युरोपातल्या संग्रहालयांतली शिल्पं लेझरने मोजून संगणकात उतरवली आणि अशा बाहूच्या मदतीने अंगठ्याला व तर्जनीला त्यांचा जाणवेल असा कठीणपणा दिला. प्रागच्या राष्ट्रीय कलादालनात २०१८ साली दृष्टिहीन पाहुण्यांनी कंप देणारे मोजे घालून नेफर्तिती, मिलोची व्हीनस आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड यांना हात लावला. मूळ शिल्पं आपापल्या जागी बर्लिन, पॅरिस आणि फ्लॉरेन्समध्ये सुखरूप उभी होती.

सगळ्यात विलक्षण वाटला तो एक आकडा. डोळ्याला फसवायला सेकंदाला २४ चित्रं पुरतात. राजबागेच्या जुन्या मालकाचं, राज कपूरचं, सारं आयुष्य त्या २४ चित्रांवर उभं होतं. हाताला फसवायचं तर यंत्राला सेकंदाला सुमारे १००० वेळा हिशेब करावा लागतो, नाहीतर कठीण दगड थरथरत्या जेलीसारखा लागतो. आपण ज्याला सगळ्यात साधं इंद्रिय समजतो, ते इतकं चोखंदळ आहे.

मोजा काढताना मी विचारलं, "हा दगड गार का नाही लागला?" ते म्हणाले, "तेही येईल, त्यावर काम चालू आहे." मला आजीचा पहिला शब्द आठवला. तिने विठोबाची सगळी ओळख 'गार'पासून सुरू केली होती.

परतीच्या विमानात एकच विचार डोक्यात घोळत होता. विठ्ठलाची मूर्ती झिजते म्हणून तिला वेळोवेळी वज्रलेप करावा लागतो. कोरोनाच्या काळात पदस्पर्श थांबला, तो २०२२ च्या गुढीपाडव्याला पुन्हा सुरू झाला. पुढे २०२४ मध्ये मंदिराच्या जतनकामासाठीही तो काही आठवडे बंद होता. मूर्ती टिकावी यासाठी हे आवश्यकच. पण दृष्टी गेलेल्या माणसाला तेवढे दिवस नुसतं मुखदर्शन म्हणजे काय? त्याला आजीसारखं 'गार' म्हणता येत नाही. अशा माणसासाठी प्रयोगशाळेतलं ते यंत्र वरदान आहे, कारण त्यातला दगड झिजत नाही. कितीही हात फिरले तरी भुवई तितकीच धारदार राहते. मात्र म्हणूनच त्याच्यावर मागच्या हाताची खूणही राहत नाही. आजीच्या बोटांना विठोबाइतकेच तिच्या आधी येऊन गेलेले असंख्य हात लागले होते. यंत्राने आकार द्यावा, मूर्तीने माणसं द्यावीत. आपल्याला दोन्ही हवेत.

लोणीला आल्यावर मी घुमटाखाली गेले. तिथे संत, तत्त्वज्ञ आणि वैज्ञानिक यांचे ५४ कांस्य पुतळे आहेत. पुण्यातल्या अंधशाळांची मुलं इथे यावीत, या पुतळ्यांच्या हाताएवढ्या प्रतिकृती त्यांना मिळाव्यात, शेजारी एक मोजाही असावा, आणि ज्ञानोबांचा चेहरा त्यांच्या बोटांना दिसावा, असं मला मनापासून वाटतं. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात २०१५ पासून 'अनुभव' नावाचं स्पर्शदालन आहे, २२ प्रतिकृतींचं. मग आमच्या गावात का नाही?

त्या आषाढात पालखी मुक्कामाला आली तेव्हा पाऊस होता. रांगेत भिजत पुढे सरकले आणि तुकोबांच्या पादुकांवर हात ठेवला. चांदी गार होती. घरी आले तेव्हा आजीची ती गोष्ट माझ्याकडून ऐकलेली भाची दारातच उभी. मी काही बोलायच्या आत तिने डोळे मिटले आणि गाल पुढे केला.