कापता न येणारा हाशिया

आमच्या धंद्यात सगळ्यांत जास्त मार खातो तो हाशिया, म्हणजे चित्राभोवतीची किनार. दुरुस्तीसाठी एखादं राजपूत किंवा दख्खनी लघुचित्र टेबलावर आलं की मी राजाराणीकडे नंतर वळते, आधी कडा बघते. हाशिया मूळचा की मागून चिकटवलेला, कसर कुठवर पोचली आहे, कात्री कुठे चालली आहे. मुरक्का, म्हणजे चित्रांचा अल्बम, बांधणाऱ्यानं एक हाशिया लावलेला असतो, पुढच्या मालकानं तो उतरवून दुसरा लावलेला असतो, आणि मग कुणी व्यापारी पानं सुटी करून विकतो. एका गृहस्थांनी तर तयार फ्रेममध्ये बसेना म्हणून दीड इंच हाशिया कापून टाकला आणि पश्चात्ताप झाल्यावर ती पट्टी वेगळ्या पाकिटात घालून माझ्याकडे आणली. ती सांधताना मला सारखा हॉवर्ड हॉजकिन आठवत होता.

या ब्रिटिश चित्रकारानं (1932–2017) आपली चौकट कुणाच्या हाती राहूच दिली नाही. साधारण 1970 पासून त्यानं कॅनव्हास सोडून लाकूड धरलं. जुन्या टेबलांच्या फळ्या, बाजारातून आणलेल्या वापरलेल्या फ्रेमा. रंग चित्रातून निघून थेट फ्रेमवर चढतो, कधी फ्रेमच्या आत आणखी एक रंगवलेली फ्रेम. आता काढा बघू ती चौकट! भावना जितकी क्षणिक, तितकी तिला राखणारी भिंत जाड हवी, असं काहीसं त्याचं म्हणणं होतं.

भारतीय चित्रांचं वेड त्याला शाळेतच लागलं. ईटनमधले कलाशिक्षक विल्फ्रिड ब्लंट यांनी त्याला ती दाखवली. त्या शाळेतून तो पळाला. चित्रं मात्र सुटली नाहीत, आयुष्यभर तो ती विकत घेत राहिला. 1964 साली व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या रॉबर्ट स्केल्टन यांच्याबरोबर तो पहिल्यांदा भारतात आला आणि मग येतच राहिला. ‘बॉम्बे सनसेट’ हे त्याचं चित्र 1972–73 मधलं. बडोद्याच्या चित्रकार भूपेन खख्खरशी त्याची दाट मैत्री. भूपेनच्या घरावरही त्यानं चित्र केलं. मानसन्मान उशिरा आले, पण आले ते ओळीनं: 1984 साली व्हेनिस बिएनालेत ब्रिटनचं प्रतिनिधित्व, पुढच्याच वर्षी टर्नर पारितोषिक, 1992 मध्ये सर ही पदवी.

त्याची फटकाऱ्यांची चित्रं पाहून ‘हे तर पाच मिनिटांचं काम’ असं म्हणणारे मला भेटतात. त्यांना मी चित्राखालच्या तारखा वाचायला सांगते. लंडनच्या टेट संग्रहालयातलं ‘रेन’ 1984 ते 1989. ‘डिनर अ‍ॅट स्मिथ स्क्वेअर’ 1975 ते 1979. एका जेवणाच्या आठवणीला चार वर्षं! ब्रिटिश म्युझियमजवळच्या जुन्या डेअरीत त्याचा स्टुडिओ होता. तिथे अर्धवट चित्रं पांढऱ्या पडद्यांआड झाकलेली असत. एका वेळी एकच उघडायचं, बराच वेळ बघत बसायचं, जमलं तर एक फटकारा. अमूर्त चित्रकार म्हटलेलं त्याला चालत नसे. तो माणसं आणि प्रसंगच रंगवत होता, फक्त चेहरेपट्टी गाळून.

मग लघुचित्रांतला हाशिया आणि त्याची फ्रेम एकच का? अनेक समीक्षक तसं लिहितात. त्याला स्वतःला आपला संग्रह आणि आपली चित्रं यांची गाठ मारलेली आवडत नसे. मी त्याच्या बाजूची. हाशिया बहुधा दुसऱ्या कारागिराचा, चित्र झाल्यावर लावलेला. हॉजकिनची चौकट चित्राबरोबरच वाढते. माझ्या मते तो हाशियाकडून शिकला असेल तर एवढंच, की वेगळा केला तर तो कापला जातो.

उलट टोकाचं कामही त्यानं केलं. 1978 साली अहमदाबादला साराभाई कुटुंबाकडे राहून हातकागदाच्या ओल्या तावांवर कापडाच्या रंगांनी ‘इंडियन लीव्ह्ज’ केली. ओला ताव रंग पिऊन टाकतो. खोडायला, थांबायला जागा नाही. चार वर्षं घेणारा माणूस इथे मिनिटांत मोकळा. दिल्लीत चार्ल्स कोरियांनी बांधलेल्या ब्रिटिश कौन्सिलच्या दर्शनी भिंतीवरचं त्याचं झाड तर नुसतं काळं-पांढरं, कडप्पा आणि मकराण्याचा संगमरवर. रंगासाठी ओळखला जाणारा माणूस रंगच सोडून देतो, ही मला त्याची सगळ्यांत मोठी खोडी वाटते.

त्याच्या भारतीय चित्रांच्या संग्रहातली 84 चित्रं 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं घेतली. त्यात हत्ती फार. कोट्याच्या कलावंतांनी रेखाटलेले, झुंजणारे, कित्येक रंग न भरलेलेही. पोथीतल्या पाठापेक्षा त्याला रेषेचा जोर कळत होता. अभ्यासकाच्या यादीनं तो कधी खरेदी करत नसे.

अखेरच्या वर्षांत त्याच्या चित्रांतला रंग कमी होत गेला. दोन-चार फटकारे, बाकी लाकूड उघडं, रेषा आणि गाठींसकट. मार्च 2017 मध्ये तो गेला, त्याआधीच्या हिवाळ्यातही तो मुंबईत रंगवत होता. संवर्धकाला अशा उघड्या लाकडाची धास्ती वाटते. रंगावरची धूळ हलक्या हातानं टिपता येते. कोऱ्या लाकडात बोटांचा तेलकटपणा मुरला, आमच्या पावसाळ्याची बुरशी लागली, तर काय पुसायचं आणि काय ठेवायचं? तिथे मोकळी जागाच चित्र आहे. असं चित्र माझ्या टेबलावर आलं, तर मी आधी हातमोजे घालीन आणि बराच वेळ त्याला हात लावणार नाही.