कोळ्याचे गोत्र

कोळ्याला कीटक म्हणणाऱ्याने त्याचे पाय मोजलेले नसतात. कीटकाला पाय सहा, कोळ्याला आठ. म्हणून त्याचा वर्गच निराळा. गोत्र मात्र बहुधा डोळ्यांवरून ओळखावयाचे. उमरखेडच्या माझ्या अंगणात भिंग घेऊन बसले की, पुढचे दोन टपोरे डोळे रोखून पाहणारा तो उड्या मारणारा कोळी. चार, दोन, दोन असे तीन ओळींत डोळे मांडलेला तो लांडगा कोळी. आणि कडुनिंबाच्या सालीशी एकरूप झालेला, सूत काढणाऱ्या दोन लांब शेपट्या मिरविणारा तो हर्सिलिया, एवढे उमगते. रंगावर मात्र विसंबू नये. तो एकाच जातीत पुष्कळदा पालटतो.

परंतु नेमकी जाती सांगावयाची, तर प्रौढ कोळ्याची जननेंद्रिये सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. म्हणजे बहुधा त्याला मद्यार्कात बुडविणे आले. नावासाठी जीव घ्यावा काय? २००८ च्या मुंबई हल्ल्यात हुतात्मा झालेल्या तुकाराम ओंबळे यांचे नाव २०२१ साली ठाणे-कल्याणकडील एका नव्या कोळ्याला मिळाले, तेही अशाच नमुन्यांवरून. त्या शास्त्राला मी दोष कसा देऊ? मी आपला गोत्रापाशी थांबतो. पाहुण्याचे घराणे कळले, की त्याला अंगणात राहू देण्यास तेवढी ओळख मला पुरते.