पाट्यांचें दुसरें काम

वाडवडिलांनीं मागें ठेवलेल्या वस्तूंचें काय करावें, हा प्रश्न आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं केव्हां ना केव्हां उपस्थित झालाच असेल. घरांत चार कर्ते पुरुष असले म्हणजे पांच मतें असावयाचींच. एक म्हणतो, वस्तु आहे तशी जपावी. दुसरा म्हणतो, काळास अनुसरून तिच्यांत फेरफार करावा. तिसरा म्हणतो, मोडींत काढून पैसे वांटून घ्यावे. त्या वस्तूची झाडलोट जन्मभर ज्यांनीं केली, त्या घरांतील बायकांचें मत मात्र कोणी विचारीत नाहीं. या प्रश्नाचा एक निकाल लागलेला आम्हीं नुकताच पाहिला. तो वाड्याचा किंवा दागिन्यांचा नसून एका जुन्या मोटारीचा आहे. तरीपण तो वाचकांपुढें मांडावा असें वाटतें.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियांतील सॅन होजे येथें राहतात. २०२३ आणि २०२४ या दोन्ही सालीं आम्ही उभयतां कांहीं महिने त्यांच्याकडे राहून आलों. हें शहर आज संगणकाच्या धंद्याबद्दल प्रसिद्ध आहे. परंतु ज्या सांता क्लारा खोऱ्यांत तें वसलें आहे, तेथें पाऊणशें वर्षांपूर्वीं जर्दाळू व आलुबुखार यांच्या अफाट बागा होत्या. शेजारचे वृद्ध गृहस्थ आमच्याच वयाचे. त्यांचे वडील मेक्सिकोहून येऊन त्या बागांत मजुरी करीत. चार पैसे गांठीस लागल्यावर त्यांनीं १९५४ सालच्या बनावटीची, अर्ध्या टनाची शेव्रोले पिकअप गाडी जुन्या बाजारांतून घेतली. पुढें चालकाची खोली आणि मागें लाकडी फळ्यांची जमीन असलेला उघडा हौदा, अशी ती गाडी. आठवडाभर तिनें फळांच्या पेट्या वाहाव्या. रविवारीं त्याच हौद्यांत आठ पोरें बसवून देवळास न्यावीं. शेजाऱ्यांचें बिऱ्हाड हलावयाचें असेल तर त्यांचे पलंगही तिनेंच पोंचवावे. वडील वारल्यावर ती मागच्या छपराखालीं उभी राहिली.

शेजाऱ्यांचा नातू चोविशींतला, हातानें कुशल. ही गाडी हवेच्या पिशव्यांवर घेऊन जमिनीस टेकेल इतकी बसकी करावयाची, असें त्याच्या मनानें घेतलें होतें. वाचकांस हें खूळ चमत्कारिक वाटेल. परंतु त्या लोकांत याची परंपरा मोठी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथील मेक्सिकन वंशाचे तरुण जुन्या मोटारी विकत घेऊन त्या बसक्या करूं लागले. इतरांच्या गाड्या उंच व वेगवान्. यांच्या ठेंगण्या व संथ. १९५८ सालापासून कायद्यानें असें ठरविलें कीं, फेरफार केलेल्या गाडीचा कोणताही भाग चाकाच्या रिमच्या खालच्या कडेहून अधिक खालीं येतां कामा नये. त्यावर १९५९ सालीं रॉन अगिरे नांवाच्या तरुणानें तोड काढली. विमानांचे जुने द्रवदाबाचे भाग आणून त्यानें ते आपल्या कॉर्व्हेट मोटारीस बसविले. कळ दाबली कीं गाडी वर. पुन्हा दाबली कीं खालीं. या छंदास वाहिलेलें 'लोरायडर' नांवाचें मासिक १९७७ सालीं याच सॅन होजे शहरीं निघालें. अशा गाड्यांनीं रस्त्यांतून फेऱ्या मारण्यास गांवोगांवीं बंदी होती. ती या शहरानें २०२२ सालीं उठविली, आणि १ जानेवारी २०२४ पासून सबंध राज्यांत ही बंदी व गाडीच्या खालच्या पातळीचा तो जुना निर्बंध, दोन्ही रद्द झालीं.

यावरून आजोबांचा विरोध बसक्या गाडीला होता असें कोणी समजूं नये. तरुणपणीं त्यांनीं स्वतः एक मोटार बसकी करून तिच्यापायीं दंडही भरला होता. त्यांचें म्हणणें एवढेंच कीं, तो खेळ दुसऱ्या कोणत्याही गाडीशीं खेळावा. वडिलांची गाडी ओझें वाहण्यासाठीं जन्मली आहे, तिला शोभेची बाहुली करूं नये. नातू म्हणे, छपराखालीं गंजत ठेवणें ही कसली पितृभक्ति? वाद इतका वाढला कीं, आजा व नातू एका घरांत राहून महिनाभर एकमेकांशीं बोलत नव्हते. एकत्र कुटुंबांतील असल्या अबोल्याचें वजन केवढें असतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

दापोडीच्या एस. टी. कार्यशाळेंत आमची उमेद खर्च झाली आहे, हें चिरंजिवांकडून कळल्यावर दोघांनींही आम्हांस पंच नेमलें. आम्हीं निवाडा दिला नाहीं. नातवास एकच प्रश्न विचारला: मागचे पाटे काढल्यावर त्यांचें दुसरें काम कोण करणार?

हा प्रश्न थोडा उलगडून सांगितला पाहिजे. पोलादी पाट्यांची चळत गाडीचें ओझें पेलते व धक्के सोसते, हें सर्वांस दिसतें. परंतु तीच चळत चाकांचा आंसही जागच्या जागीं धरून ठेवते. वळणावर तो एका बाजूस सरकूं पाहतो. पाटे त्यास सरकूं देत नाहींत. हवेच्या पिशवीस हें दुसरें काम मुळींच येत नाहीं. ती वजन उचलील. परंतु आंस कोणीकडे निघाला याची तिला दादही नसते. पाटे काढून नुसत्या पिशव्या बसविणाऱ्याची गाडी उभी असतांना सुरेख दिसेल आणि पहिल्याच वळणावर घात करील. शिवाय १९५४ च्या या गाडींत इंजिनाची गति मागें नेणारा दांडा एका बंद नळींत फिरतो, आणि ती नळीही आंसास पीळ पडूं देत नाहीं. हा सांगाडा बदलला म्हणजे ती नळीही जाते, आणि तिचेंही न दिसणारें काम पोरकें होतें.

पोरगा गडबडला नाहीं. त्यानें वही आणून दाखविली. आंस पुढेंमागें सरकूं नये व पिळला जाऊं नये म्हणून चार दांडे, आणि बाजूस सरकूं नये म्हणून एक आडवा दांडा, असें सर्व त्यानें मापांसह काढलें होतें. गाडी खालीं बसली म्हणजे आंस वर येऊन चासीस धडकणार; यासाठीं चासीच्या दोन्ही तुळया तेवढ्या जागीं अर्धचंद्राकार कापून वरून जाड पत्र्याचें कडें सांधावयाचें होतें. जेवढें बळ कापून काढलें तेवढें परत घालावयाचें, हा हिशेब त्यास ठाऊक होता. जुनी वीजव्यवस्था सहा व्होल्टची, हवेचा पंप बारांचा; तेव्हां तीही बदलावयाची होती.

हवेचें गणित आम्हीं आजोबांस समजावून दिलें, कारण त्यांचा खरा आक्षेप तेथेंच होता. पिशवीचें उपयोगी क्षेत्र वीस चौरस इंच धरलें आणि हवेचा दाब दर चौरस इंचास चाळीस पौंड ठेवला, तर एक पिशवी आठशें पौंड पेलते. हौद्यांत चारशें पौंडांचा माल चढवला, तर मागच्या दोन पिशव्यांवर दोन-दोनशें पौंड वाढतात. दाब पन्नासावर नेला कीं गाडी पूर्वीच्याच उंचीवर येते. पाटे ओझ्यानें वांकतात व वांकलेलेच राहतात. हवा ओझ्याप्रमाणें आपलें बळ वाढवूं शकते. मुंबई-पुण्याच्या 'शिवनेरी' गाडींतून प्रवास केलेल्यांनीं हें सुख अनुभवलें आहे. अमेरिकेंतील ग्रेहाउंड कंपनीच्या 'सीनिक्रूझर' गाड्यांस तर १९५४ पासूनच हवेच्या पिशव्या होत्या. दाबलेल्या हवेंत पाणी सांठतें, तें टाकीच्या तळाची तोटी सोडून वरचेवर काढावें लागतें. एखादी नळी झिरपली तर गाडी सकाळीं जमिनीवर बसलेली सांपडते. पोलादास ही कटकट नाहीं. ही किंमतही आम्हीं त्यांजपासून लपविली नाहीं.

आजोबांनीं सर्व ऐकून घेतलें. परंतु त्यांचें मन वळविलें तें आमच्या गणितानें नव्हे. आमच्या सौभाग्यवतींचें शेजारच्या आजीबाईंकडे जाणें-येणें होतें. दोघींचें इंग्रजी बेताचें, परंतु भाज्यांची देवाणघेवाण चालूं असल्यामुळें भाषेवांचून कांहीं अडत नसे. आजीबाई एके दिवशीं म्हणाल्या कीं, लग्नानंतर त्या याच गाडींतून सासरीं आल्या. परंतु गुडघे धरल्यापासून तिची पायरी त्यांस चढवत नाहीं, म्हणून आज बारा वर्षें त्या तींत बसलेल्या नाहींत. आणि हें त्यांस कोणी विचारलेंच नव्हतें. सौभाग्यवतींनीं तें आम्हांस सांगितलें, आम्हीं आजोबांस. तीन दिवसांनीं कापण्याच्या खुणा करतांना चासीचें दुसरें टोंक आजोबाच धरून होते.

२०२४ सालीं आम्ही पुन्हा गेलों तेव्हां गाडी पुरी झाली होती. हौद्याच्या मधल्या फळ्या आंसासाठीं थोड्या उंचावल्या होत्या, परंतु फळ्या मूळच्याच होत्या. नातवानें कळ दाबली. हवा सुस्कारत बाहेर पडली आणि गाडी हळू हळू जमिनीशीं आली. आजीबाई कोणाचा हात न धरतां आंत जाऊन बसल्या. मग गाडी पुन्हा वर उचलली गेली, आणि त्या देवळास गेल्या. परत येतांना मागच्या हौद्यांत कोणाचेंसें जुनें कपाट होतें. काढलेले पाटे आजोबांनीं ग्रीस लावून छपराच्या भिंतीस टांगून ठेवले आहेत.

आमच्याकडेही वाड्यांच्या भिंती पडतात, माजघरें मोडून दिवाणखाने होतात. त्यास आमचा सरसकट विरोध नाहीं. पण माजघराची भिंत नुसती तुळई पेलत नव्हती. तिच्या अलीकडे निजलेल्या म्हाताऱ्या माणसाची खोकल्याची उबळ पलीकडे ऐकूं जावी, एवढी ती पातळही होती. कुऱ्हाड घालण्यापूर्वीं घरच्यांनीं एकत्र बसून तिचें हें दुसरें काम कोणतें, आणि तें यापुढें कोण करणार, एवढें ठरवावें. आणि त्या बैठकींत घरच्या बायकांस अगोदर विचारावें.