खर्जाला उतरवलेली तार

प्रिय चिऊ,

काल संध्याकाळी गिटारची पहिली तार तुटली. सगळ्यात बारीक, जिला तू "मामा, हिला जपून पीळ" म्हणायचीस ती. मी पिळलीसुद्धा नव्हती. पिशवीची चेन उघडली, खुंटीला हात लावला आणि टणकन् आवाज झाला. पाहतो तर खुंटीपाशी तांबूस डाग. तुला माहीत आहे, श्रावणात ताम्हिणीवरून उतरलेले ढग आपल्या माजघरात मुक्कामाला असतात. काडेपेटी पेटत नाही, मीठ पाझरतं, तिथे पोलादी तार किती दिवस टिकणार? वाजवून झालं की एकेक तार सुक्या फडक्याने पुसत होतो गं. तरी गेली.

रागावू नकोस. खरं तर रागवायचा हक्क माझा आहे. "हॉस्टेलवर खोली मिळाली की घेऊन जाते" म्हणालीस, त्याला वर्ष झालं. खोली मिळाली, परीक्षा झाल्या, मध्ये दोनदा पुण्याला येऊन गेलीस. आबांच्या दहाव्याला आलीस तेव्हा गिटार तुझ्यासमोर भिंतीला टेकून उभी होती. तू तिच्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "आता वेळच नाही मामा." मी काही बोललो नाही. ती जागाही नव्हती बोलायची.

मला मात्र तू अर्ध्यात सोडलंस. ई मायनर शिकवलास, दोन बोटांचा. मग जी, सी, डी. सीवरून जीवर जाताना तिन्ही बोटं एकदम उचलायची आणि नवा आकार हवेतच धरायचा, हे किती वेळा सांगितलंस, आठवतं? एकदाही आवाज चढवला नाहीस. एकोणीस वर्षांची पोर बावन्न वर्षांच्या माणसाला शिकवते आहे, असं मला कधी वाटूच दिलं नाहीस. माझी बोटांची टोकं दाबून पाहिलीस आणि म्हणालीस, "मामा, ही तर तान्ह्या बाळाची आहेत." खरंच होतं. कंपनीत बावीस वर्षं पाना धरला, घरी विळा आणि फावडं. घट्टे पडले ते सगळे तळव्याला. टोकं कोवळीच राहिली.

तू गेल्यावर मी गिटारला हात लावला नव्हता. आबा गेल्यानंतर घरात जी शांतता झाली, तिच्यात फाल्गुनात पुन्हा काढली. चार महिन्यांत टोकांना चांगलं जाड कातडं आलं. मग आली लावणी. नऊ दिवस चिखलात हात, डाव्या मुठीत रोपं, बोटं भिजून पांढरी. ते कमावलेलं कातडं बटाट्याच्या सालीसारखं निघून आलं आणि खाली पुन्हा तुझं ते तान्हं बाळ. त्या रात्री तार दाबली तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, ते निव्वळ दुखण्याचं नव्हतं. आता भात पोटरीवर येईल तोवर पुन्हा तयार होतील बोटं. घाई नाही.

आणि एफ? तो तू उद्यावर ढकललास आणि गेलीस. पहिलं बोट आडवं टाकून सहाही तारा दाबायच्या. महिनाभर नुसता ठप्प ठप्प आवाज. मग एके दिवशी शेताच्या कुंपणाची तार ताणत होतो. खांबाजवळ दाबून पाहिली, हलेना. मधे दाबली तर सहज खाली गेली. तिथेच उभा राहिलो. पहिलं फ्रेट म्हणजे खांबाची जागा! घरी येऊन तोच आकार पाचव्या फ्रेटवर धरला. तिथे तो ए होतो, ते तुझ्या वहीत सापडलं. लागलीच वाजला. मग रोज थोडं थोडं करत एकेक घर खाली सरकलो. बोट सपाट ठेवण्यापेक्षा अंगठ्याकडच्या हाडाळ कडेवर जरा कलतं केलं की तार बरोबर दबते. अंगठ्याने चिमटायचं नाही, कोपर किंचित मागे ओढलं की हाताचं वजनच पुरतं. हे तुला माहीत होतं ना? मग सांगितलं का नाहीस? की मला माझं सापडू द्यायचं होतं? एफ वाजतो आता. दुसरी तार अजून कधी कधी मुकी राहते.

पण तुला लिहायला बसलो ते एफसाठी नव्हे.

तो मे महिन्यातला दिवस आठव. धरणाचं पाणी खूप खाली गेलेलं, आपण तिघं काठावर. आबा बोट दाखवून सांगत होते, तिथे खाली आपलं जुनं देऊळ. ते वाचावं म्हणून १९२१ साली सेनापती बापटांबरोबर मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले होते, हे तू त्यांच्याकडून पन्नासदा ऐकलेलं, तरी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकत होतीस. मग तू काहीतरी वाजवलंस. आबा म्हणाले, "एवढ्या तारा, पण एक सूर धरून ठेवील असं ह्यात काही नाही का?"

मला वाटलं, तुला लागेल. तू विचारलंस, "आबा, तुम्ही कुठल्या पट्टीत गाता?" "पांढरी दोन." तू मनात मोजलंस आणि म्हणालीस, "म्हणजे डी." मग सगळ्यात जाड तार तू हळूहळू सैल केलीस, ईवरून डीवर. चौथ्या तारेबरोबर ती वाजवत होतीस. दोन सुरांमध्ये हेलकावा ऐकू येत होता, भरभर, मग संथ, मग पाण्यावरचा तरंग विरावा तसा थांबला. आणि मग पाचवी, चौथी, चौथी, सहावी. पंचम, षड्ज, षड्ज, खर्ज. गिटारचा तंबोरा झाला. आबांचे डोळे मिटले. अभंग कुठला गायले ते आपल्या तिघांतच राहू दे.

आयुष्यभर त्यांनी तेवढंच तर केलं, एक सूर धरून ठेवला. सप्ताहात सात दिवस, सात रात्री वीणा जमिनीला टेकत नाही. एक जण दुसऱ्याच्या पाया पडतो, दुसरा पहिल्याच्या, आणि ती या गळ्यातून त्या गळ्यात जाते. रात्री बारा ते तीनचा पहारा आबांचा. मी खांबाला टेकून झोपायचो आणि जाग आली की झंकार चालूच असायचा. पडदा नाही, आकार नाही, मोकळी तार फक्त.

तू मिरजेत राहतेस, चिऊ. शस्त्रांना धार लावणारे शिकलगार जिथे तंतुवाद्यं घडवू लागले, पंढरपूरकडून भोपळे आणून तंबोरे करू लागले, अब्दुल करीम खाँसाहेब जिथे राहिले, त्या गावात. २०२४ साली तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, ते मी पेपरात वाचलं. त्या कारागिरांच्या गल्लीत एकदा तरी गेलीस का? तिथले कारागीर घोडी कानसून तारेखाली दोरा सरकवतात आणि तार झणझणेपर्यंत थांबत नाहीत. जवारी म्हणतात तिला. इकडे मी फ्रेटमागे बोट नीट न बसल्यामुळे येणाऱ्या झणझणीवर महिनोन्‌महिने वैतागतो आहे आणि तिकडे तीच झणझण काढण्यात हयाती जातात! हे ऐकलं असतं तर आबा किती वेळ हसले असते.

आता मुद्द्याचं. कार्तिकातल्या सप्ताहात आबांचा पहारा कोणी घ्यायचा, असं मंडळींनी विचारलं. मी हो म्हणालो. तेव्हापासून रात्री जेवणं झाली की गिटारचा पट्टा गळ्यात अडकवतो, जाड तार डीवर उतरवतो आणि ओटीवर उभा राहतो. पाचवी, चौथी, चौथी, सहावी. पहिल्या दिवशी दहा मिनिटांत खांदा भरून आला. परवा पाऊण तास झाला. मामी दार लोटून आत झोपते, पण झोपलेली नसते.

आबांच्या वीणेची जवारी बसली आहे. आवाज मुका झालाय, दोरा कितीही सरकवला तरी बोलत नाही. इथे ते काम करणारं कोणी नाही. मिरजेतल्या त्या गल्लीत एखाद्या जाणत्या कारागिराला विचारशील? तुझ्या सवडीने विचार, पण कार्तिकाच्या आत. आणि येताना तारांचा एक सेट आण.

वीणा मी एसटीने पाठवणार नाही. तू येऊन नेतेस, की मी घेऊन येऊ?

तुझा,
मामा