प्रिंटर बोलत का नाही?

सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करणाऱ्या माणसाला सोसायटीत एरवी कोणी फारसं विचारत नाही. पण कोणाचा प्रिंटर बंद पडला, की आपण एकदम देवमाणूस! "तू कॉम्प्युटरमधला ना, जरा बघ की." आपल्या रोजच्या कामाचा प्रिंटरशी काडीचाही संबंध नसतो, हे कोणाकोणाला सांगणार? असो.

एवढ्या फुकटच्या व्हिजिट्स केल्यावर एक गोष्ट मात्र कळली आहे. न छापणारा प्रिंटर बरेचदा बिघडलेला नसतोच. तो कशाची तरी वाट बघत असतो, आणि कशाची ते सांगत नाही.

मागच्या वर्षीची गोष्ट. शनिवार, रात्रीचे साडेदहा. शेजारच्या काकूंच्या मुलीची दुसऱ्या दिवशी प्रवेश परीक्षा, आणि छापील हॉल तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत. झेरॉक्सची दुकानं बंद. स्क्रीनवर एकच शब्द: 'ऑफलाइन'. काकूंनी प्रिंटर चार वेळा चालू-बंद केला होता, शाईचं कार्ट्रिज काढून परत बसवलं होतं. मुलगी रडवेली. "दादा, होईल ना?"

अशा वेळी आधी प्रॉब्लेमचे दोन तुकडे करायचे. कॉम्प्युटरला हात न लावता, प्रिंटरच्याच बटणांवरून त्याचं माहितीपत्रक छापून बघायचं. ते झकास आलं. म्हणजे शाई, कागद, रोलर सगळं ठणठणीत. राहिला प्रश्न कॉम्प्युटर आणि प्रिंटरच्या मधल्या वाटेचा.

त्याच कागदावर प्रिंटरचा नेटवर्कवरचा पत्ता होता: १९२.१६८.१.४. कॉम्प्युटरमध्ये प्रिंटर प्रॉपर्टीजमधला पोर्ट्सचा टॅब उघडला, तर तिथे शेवटी ७!

"काकू, आज लाईट गेले होते का?"

"दुपारी तासभर. पण त्याचं काय?"

त्याचंच तर सगळं. लाईट आल्यावर राउटर नव्याने सुरू झाला आणि त्याने घरातल्या उपकरणांना पुन्हा पत्ते वाटले. प्रिंटरला नवीन पत्ता मिळाला, कॉम्प्युटर मात्र जुन्याच दारावर टकटक करत बसला. नवा पत्ता टाकून पोर्ट बदलला, आणि यंत्र घरघरलं. काकूंनी वैतागून जितक्यांदा प्रिंट दाबलं होतं ते सगळं रांगेत होतंच. एकामागोमाग एक अकरा हॉल तिकिटं बाहेर आली! मग राउटरमध्ये तो पत्ता प्रिंटरच्या नावाने राखून ठेवला, म्हणजे पुढच्या वेळी लाईट गेले तरी तो बदलायला नको.

'ऑफलाइन' हा शब्द खोटा नव्हता. पण 'या पत्त्यावर कोणी उत्तर देत नाही, पत्ता बदललाय का बघा' असं लिहिलं असतं, तर ती मुलगी दोन तास आधीच झोपली असती.

या शांततेवर चिडलेला एक माणूस आमच्या धंद्यात प्रसिद्ध आहे: रिचर्ड स्टॉलमन. एमआयटीच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या प्रिंटरचा प्रोग्राम त्याने सुधारला होता. कागद अडकला की छपाईची वाट बघणाऱ्यांना निरोप जायचा, मग कोणीतरी उठून तो काढायचं. कागद अडकणं थांबलं नव्हतं, फक्त ते कळत होतं. १९८०च्या सुमारास झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. त्यातही हेच करायचं, तर सोर्स कोड मिळेना. ज्याच्याकडे होता त्याने गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवलं. स्टॉलमनच्या मनात ते घर करून राहिलं. सप्टेंबर १९८३ मध्ये त्याने जीएनयू प्रकल्प जाहीर केला. आज जगभरच्या सर्व्हरांवर त्याची अवजारं चालतात.

यंत्रं अडणारच हो. कागद अडकेल, लाईट जातील, पत्ते बदलतील. पण जे अडलंय ते समोरच्या माणसाला समजेल अशा भाषेत सांगणं, हे लिहिणाऱ्याच्या हातात असतं. एरर मेसेज हा आपल्या कोडचा सगळ्यात कंटाळवाणा भाग वाटतो खरा. पण तो वाचणारा माणूस त्या क्षणी सगळ्यात जास्त अडचणीत असतो.