कोणते मुल्लासाहेब?

मी चिखलीचा, बुलढाणा जिल्ह्यातला. क्रांतिकारकांवरच्या काकोरी खटल्यात दहा वर्षांची सजा झालेले रामकृष्ण खत्री आमच्या गावचे. त्यामुळे त्या खटल्यातले सरकारी वकील पंडित जगतनारायण मुल्ला यांचं नाव मी लहानपणापासून शिवी दिल्यासारखंच ऐकलेलं. (आडनावावर जाऊ नका, घराणं काश्मिरी पंडितांचं.)

लखनौच्या अमीनाबादेत बायकोची चिकनच्या कुर्त्यांवरून घासाघीस लांबली, तसा मी सटकलो आणि एका जुन्या उर्दू पुस्तकांच्या दुकानात शिरलो. मुल्लांवर काही आहे का, म्हणून विचारलं.

"कौन से मुल्ला साहब? जज साहब?" म्हणत म्हातारबुवांनी एक कवितासंग्रह काढून फुंकर मारली. आनंदनारायण मुल्ला. त्या वकिलाचा मुलगा! मी मराठी सवयीनं पुस्तक उघडलं, तर शेवटचंच पान समोर आलं. बुवांनी हसून ते उलटं करून हातात दिलं.

वडिलांची कारकीर्द मला ठाऊक होती. १९१६च्या लखनौ काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष. त्या अधिवेशनाला टिळक आले, तेव्हा त्यांची गाडी ओढणाऱ्या पोरांत रामप्रसाद बिस्मिल होता. पुढे जगतनारायण प्रांताचे स्थानिक स्वराज्य मंत्री झाले, सगळ्या नगरपालिका यांच्या हाताखाली. आणि दहाच वर्षांत काकोरी खटल्यात त्याच बिस्मिलविरुद्ध सरकारतर्फे उभे राहिले. हे मला आजही पचत नाही.

मुलाचं मात्र काहीच ऐकलं नव्हतं. १९५४ ते १९६१ अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायाधीश. पोलिसांइतके गुन्हे देशातल्या कुठल्याच टोळीच्या नावावर नसतील, असं या गृहस्थांनी चक्क निकालपत्रात लिहिलं! सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९६३ साली तो मजकूर काढायला लावला. १९६७ साली लखनौनं त्यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं. नंतर राज्यसभा. १९८० साली तुरुंग सुधारणा समिती नेमली, तिचं अध्यक्षपदही त्यांच्याकडेच. वडिलांच्या युक्तिवादानं माणसं तुरुंगात गेली होती, हे नेमणाऱ्यांना आठवलं असेल का, कोण जाणे.

खत्रीही शेवटी लखनौचेच झाले, १९९६ साली तिथेच गेले. जजसाहेब त्यानंतर वर्षभरात.

पुस्तक घेतलं. मला उर्दू वाचता येत नाही. गावात शेजारी उर्दू शाळेतले निवृत्त मास्तर आहेत, ते वाचून अर्थ सांगतात. सध्या तिसऱ्या गजलेवर आहोत.